कानातलं हाड वाढून येणारा बहिरेपणा (ओटोस्क्लेरोसिस): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी श्रवणतज्ज्ञ आहे. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या मोजणीचा आलेख) काढणं, ऐकायचं मशीन बसवून देणं, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर कान तपासणं हे माझं काम. ऑपरेशन मी करत नाही, ते कान-नाक-घसा सर्जन करतात. खालचे प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि तपासणीच्या खुर्चीत बसून लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत आणि शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ५ वाचा. तेवढ्या एका गोष्टीवाचून कित्येकांची उमेदीची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

१. रिपोर्टवर ‘ओटोस्क्लेरोसिस’ लिहिलंय. म्हणजे कानात नक्की काय झालंय?

कानाच्या पडद्यामागे तीन इवलीशी हाडं एकमेकांना जोडलेली असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. पडदा हलला की हातोडी हलते, ती ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला. रिकीब हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, उंची जेमतेम तीन मिलिमीटर. घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवायची पट्टी असते तशी हिलाही चपटी तळपट्टी असते. ती आतल्या कानाच्या अंडाकृती खिडकीत बसलेली असते आणि आवाजाबरोबर आत-बाहेर हलून आतल्या द्रवाला धक्के देते.

शरीरातली बाकीची हाडं आयुष्यभर झिजत आणि नव्यानं घडत असतात. आतल्या कानाभोवतीचं हाड मात्र एकदा घडलं की जवळजवळ तसंच राहतं. ओटोस्क्लेरोसिसमध्ये हा नियम मोडतो. खिडकीच्या काठाशी जुनं टणक हाड विरघळतं, तिथे स्पंजासारखं मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेलं हाड तयार होतं आणि पुढे ते घट्ट होत जातं. ही वाढ तळपट्टीला चिकटली की रिकीब जाम होते. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकलेलं दार आठवा. घर शाबूत असतं, दारही शाबूत असतं, पण उघडत नाही.

२. कान तपासणारे डॉक्टर म्हणाले, ‘कान एकदम स्वच्छ आहे.’ हाड वाढलंय तर दिसलं कसं नाही?

कारण ते पडद्याच्या पलीकडे आहे. दुर्बिणीतून पडदा दिसतो आणि या आजारात तो बहुतेकदा निरोगीच असतो. क्वचित पडद्यामागून गुलाबी झाक दिसते, तीही आजार जोरात चालू असेल तरच. कान वाहत नाही, दुखत नाही, मळ नसतो. ‘कान स्वच्छ, पडदा चांगला, तरी ऐकू कमी’ हीच या आजाराची मोठी खूण आहे.

नावातल्या ‘हाड वाढण्या’मुळे आणखी दोन गोंधळ होतात. कानाच्या नळीतही हाडाचे उंचवटे येतात, विशेषतः वर्षानुवर्षं गार पाण्यात पोहणाऱ्यांना. ते बाहेरूनच दिसतात आणि तो निराळा विषय आहे. दुसरं म्हणजे कान वाहतो, घाण वास येतो आणि ‘हाड सडलंय’ असं सांगितलं जातं. तो आजार हाड कुरतडतो आणि त्याचं ऑपरेशन लांबवणं धोक्याचं असतं. इथली उत्तरं त्या दोन्हींना लागू नाहीत.

३. हा आजार कुणाला होतो? आमच्या घरात तर कुणीच बहिरं नाही.

बहुतेकांना पंधरा ते पंचेचाळीस या वयात सुरुवात होते. उपचारांसाठी येणाऱ्यांत पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट बायका असतात. दहातल्या सात-आठ जणांना आज ना उद्या दोन्ही कानांत त्रास होतो, पण दोन्हीकडे सारखा नसतो. आजार आनुवंशिक आहे. तरीही साधारण निम्म्या रुग्णांच्या घरात कुणाला झाल्याचं माहीत नसतं, याचं कारण प्रश्न १० मध्ये आहे. गोवराच्या विषाणूशी संबंध असावा असं काही संशोधकांना वाटतं, पण ते अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही.

आणि घरात खरंच कुणी नव्हतं का, हे एकदा नीट आठवा. ‘आजी शेवटी शेवटी काहीच ऐकायची नाही’ असं लोक सहज बोलून जातात. ही आजी पस्तिशीपासूनच ऐकत नव्हती, हे खोदून विचारल्यावर कळतं.

४. बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये मला नीट ऐकू येतं, घरात शांततेत येत नाही. घरचे म्हणतात, सोयीनं बहिरी होतेस.

हे ढोंग नाही. हे या आजाराचं अगदी खास लक्षण आहे आणि जुन्या वैद्यकीय पुस्तकांतही त्याची नोंद आहे. एसटीत किंवा पिठाच्या गिरणीत समोरचा माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो. इंजिनाची नाहीतर गिरणीची घरघर तुमच्या अडकलेल्या रिकिबीमुळे तुम्हाला कमी पोचते. त्यामुळे गोंगाट दबतो आणि शब्द वर येतात. घरी सगळे हलक्या आवाजात बोलतात, ते तुमच्या ऐकू येण्याच्या उंबरठ्याच्या खालीच राहतं.

अशाच आणखी काही खुणा आहेत. स्वतःचा आवाज हाडावाटे आत घुमतो आणि मोठा वाटतो, म्हणून ही माणसं हळू बोलायला लागतात. नसेच्या बहिरेपणात बहुधा उलट होतं, माणूस ओरडून बोलतो. चिवडा किंवा भाकरीचा कडक पापुद्रा चावताना समोरच्याचं काहीच कळत नाही, कारण चावण्याचा आवाजच डोक्यात भरून राहतो. कानाला दडा बसल्यासारखं वाटतं. बऱ्याच जणांच्या कानात शिट्टी, भुणभुण किंवा समुद्राची गाज चालू असते. काहींना अधूनमधून हलकी चक्कर येते, मात्र जोरदार गरगरणं हे याचं नेहमीचं लक्षण नव्हे.

हे उत्तर घरच्यांना वाचून दाखवा. सोयीनं बहिरी असल्याचा शिक्का घेऊन जगणं बहिरेपणाहून जड असतं.

५. दोन ठिकाणी सांगितलं की नस कमजोर आहे, इलाज नाही. आता तुम्ही म्हणता हाड. खरं काय?

खरं काय ते ऑडिओग्रामचा कागद सांगतो, पण तपासणी पूर्ण झालेली असेल तरच.

पूर्ण तपासणीत ऐकणं दोन वाटांनी मोजतात. हेडफोन लावून हवेवाटे, म्हणजे नळी, पडदा, तिन्ही हाडं या सगळ्यांतून. आणि कानामागच्या हाडावर छोटं कंपक टेकवून हाडावाटे, म्हणजे मधला रस्ता टाळून थेट आतल्या कानाला. नस अधू असेल तर दोन्ही वाटांनी सारखंच कमी ऐकू येतं. रिकीब जाम असेल तर हवेवाटे कमी आणि हाडावाटे छान ऐकू येतं. ऑडिओग्रामवर या दोन वाटांच्या दोन रेषा येतात, त्यांच्यामधल्या अंतराला एबी (एअर-बोन, म्हणजे हवा-हाड) गॅप म्हणतात. गॅप असेल तर अडचण रस्त्यात आहे, नसेत नाही.

कागद हातात घ्या. उजव्या कानाच्या हवेवाटच्या खुणा लाल गोल असतात, डाव्याच्या निळ्या फुल्या. हाडावाटच्या खुणा कोनासारख्या किंवा चौकोनी कंसासारख्या असतात. त्या कागदावर नसतीलच, तर तुमची अर्धीच तपासणी झाली आहे. मोबाइल ॲपवर, शिबिरात किंवा मशीनच्या दुकानात होणारी झटपट चाचणी बहुतेकदा फक्त हवेवाटची असते. तेवढ्यावर ‘नस गेली’ असं म्हणणं म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून विहीर आटली असं ठरवणं.

दुसरी खोच अशी. एका कानाला दिलेला आवाज कवटीतून दुसऱ्या कानालाही ऐकू जातो. म्हणून न तपासल्या जाणाऱ्या कानात सूं असा आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवतात. हे मास्किंग. ते केलं नसेल तर गॅप खोटी दिसू शकते आणि खऱ्या गॅपचा कान चुकू शकतो. ‘मास्किंग केलं का?’ हे बेधडक विचारा. चांगला तपासनीस रागावणार नाही.

एक बाई माझ्याकडे आल्या तेव्हा नसेचा बहिरेपणा म्हणून नऊ वर्षं व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत होत्या. त्यांच्या फायलीत तीन ऑडिओग्राम होते, एकावरही हाडावाटची खूण नव्हती. वीस मिनिटांच्या तपासणीत चाळीस डेसिबलची (डेसिबल म्हणजे आवाजाच्या मोठेपणाचं माप) गॅप निघाली. त्या नऊ वर्षांत त्यांनी नोकरी सोडली होती.

६. माझ्या कागदावर हाडावाटची रेषाही एका जागी खाली गेलीय. मग नसही थोडी गेली ना?

ती जागा २००० हर्ट्झची (हर्ट्झ म्हणजे सुराच्या उंचीचं माप) असेल तर घाबरू नका. रिकीब जाम झाली की त्या पट्टीत हाडावाटचं मोजमाप खोटं खाली दिसतं. याला कारहार्टची खाच म्हणतात. ऑपरेशननं रिकिबीचं काम पुन्हा सुरू झालं की ती बरीचशी भरून येते. रेषा सगळ्याच पट्ट्यांत खाली असेल, विशेषतः वरच्या, तर मात्र आजारानं किंवा वयानं आतला कानही थोडा बाधला आहे असं समजायचं. अशा मिश्र बहिरेपणातही गॅपपुरता फायदा मिळतोच.

७. ऑडिओग्राम झाला. आणखी कोणत्या तपासण्या? सीटी स्कॅन लागतोच का?

नादकाट्याची, म्हणजे ५१२ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कची तपासणी जुनी आणि स्वस्त असली तरी मला तिच्याबद्दल फार आदर आहे. काटा कानासमोर धरल्यापेक्षा कानामागच्या हाडावर टेकवल्यावर मोठा ऐकू आला तर गॅप साधारण पंचवीस डेसिबलपर्यंत पोचलेली असते. अनेक सर्जन काट्यानं खात्री केल्याशिवाय ऑपरेशनचं नाव काढत नाहीत, आणि ते बरोबर करतात.

टिम्पॅनोमेट्रीत पडदा आणि मधल्या कानातला दाब कळतो. त्याच यंत्रावर स्टेपीडियल रिफ्लेक्स बघतात. मोठ्या आवाजाला रिकिबीचा स्नायू आखडतो का, हे त्यात कळतं. रिकीब जाम असेल तर हा रिफ्लेक्स मिळत नाही. गॅप आहे आणि तरीही रिफ्लेक्स ठणठणीत मिळतोय, तर थांबा. आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड विरळ झालं असेल तरी असाच ऑडिओग्राम येतो, आणि त्यात रिकिबीचं ऑपरेशन करणं चूक ठरतं. अशा वेळी, किंवा चक्कर असेल, लहान मूल असेल, एकदा झालेलं ऑपरेशन फसलं असेल, तर बारीक छेदांचा सीटी स्कॅन हवाच. सरळसोट प्रकरणात काही सर्जन तो सांगतात, काही सांगत नाहीत. स्कॅन नॉर्मल आला म्हणून आजार नाही, असं मात्र होत नाही. लहानशी वाढ त्यात निसटते.

८. घरच्या घरी ओळखायची काही युक्ती?

ओठ मिटून ‘हूं’ असा लांब आवाज काढा. तो ज्या कानाला कमी ऐकू येतं त्याच कानात मोठा वाटला, तर दोष रस्त्यातला असण्याची शक्यता आहे. चांगल्या कानात मोठा वाटला तर आतला. मात्र मळानंही हेच होतं आणि दोन्ही कान सारखेच कमी असतील तर या युक्तीला काही अर्थ नाही. तपासणीला जायला धीर यावा, एवढाच हिचा उपयोग.

९. पहिल्या बाळंतपणानंतर ऐकणं कमी झालं. दुसरं मूल होऊ द्यावं का?

हा प्रश्न विचारणाऱ्या बायकांचा आवाज मला नेहमी दबलेला जाणवतो, म्हणून सरळ सांगते: केवळ या आजारापायी दुसरं मूल नको असं ठरवू नका.

गरोदरपणात ऐकणं घटल्याचं अनेक जणी सांगतात आणि पूर्वी डॉक्टरही त्यावरून मुलं मर्यादित ठेवायचा सल्ला देत. नंतर या आजाराच्या मुलं असलेल्या आणि नसलेल्या बायकांचे ऑडिओग्राम ताडून पाहिले गेले, तेव्हा ठोस फरक आढळला नाही. आजार सुरू होण्याचं वय आणि बाळंतपणाचं वय एकच असल्यानंही दोन्हींची गाठ पडते. वाद पूर्ण मिटलेला नाही. गरोदरपणाच्या आधी एक ऑडिओग्राम काढून ठेवा, बाळ झाल्यावर एक. गरज लागली तर गरोदरपणात मशीन बिनघोर वापरता येतं, ऑपरेशन मात्र बाळंतपणानंतर. अंगावर पिणारं बाळ रात्री रडलं तर ऐकू येईल का, ही भीती खरी आहे. अशा वेळी घरातल्यांनी पाळी लावून घ्यावी, ते एकट्या आईवर सोडू नये.

१०. लग्न ठरतंय. समोरच्यांना सांगावं का? मुलांना होईल का?

दोष असलेलं जनुक आईकडून किंवा वडिलांकडून मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. पण ते मिळालेल्या सगळ्यांनाच आजार होत नाही, साधारण चाळीस टक्क्यांना होतो. म्हणजे ढोबळ हिशेबानं पाचात एक मूल. याच कारणानं आजार एखादी पिढी गाळूनही पुढे दिसतो. झाला तरी तो तरुणपणी येणारा, उपचार असलेला आजार आहे. जन्मतः मुकेपणा-बहिरेपणा येत नाही.

सांगावं का, तर माझं मत हो. लपवलेलं मशीन जास्त दिवस लपत नाही, आणि ‘हूं हूं’ करत वेळ मारून नेणारा संसार फार थकवतो.

११. हाड वाढलंय, मग कॅल्शियमच्या गोळ्या, दूध, नाचणी बंद करू का?

नाही. या आजाराचा खाण्यातल्या कॅल्शियमशी असा संबंध नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका या गैरसमजापोटी गोळ्या बंद करतात, त्यात त्यांच्या हाडांचं नुकसान होतं आणि कानाला काडीचा फायदा होत नाही.

१२. औषधानं हाड विरघळत नाही का? कानात तेल घातलं तर?

जाम झालेली रिकीब सुटी करणारं औषध नाही. ना गोळी, ना थेंब, ना काढा. तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं, आजार पलीकडे आहे.

सोडियम फ्लोराइड मात्र काही डॉक्टर देतात. आजार जोरात चालू असेल किंवा आतला कान बाधत चालला असेल तर हाडाची उलथापालथ त्यानं मंदावावी, असा हेतू असतो. पुरावा तोकडा आहे आणि फायदा झाला तर ऐकणं टिकण्यापुरता, परत मिळण्याचा नव्हे. पोट बिघडतं. गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारात देत नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि त्यानं दात-हाडं बिघडलेली माणसं दिसतात. तिकडच्यांनी पाण्याबद्दल डॉक्टरांना आधी सांगावं. आणि तसलं पाणी कानाला औषध म्हणून पिण्याचा विचारही करू नये.

१३. काहीच केलं नाही तर?

जिवाला धोका नाही. वर्षानुवर्षं ऐकणं हळूहळू घटतं, काहींचं मध्येच थांबतंही. फक्त रिकीब जाम असेल तर बहिरेपणा साधारण साठ डेसिबलच्या पुढे जात नाही. त्यापुढे गेला तर आतला कानही बाधला आहे. ऐकण्याची अडचण कमी असेल तर वर्षाला एक ऑडिओग्राम काढून वाट पाहणं हाही रीतसर उपचारच आहे. घाई नाही. पण तपासणी न करता थांबणं आणि करून थांबणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१४. मशीन लावू की ऑपरेशन करू?

दोन्ही चांगले. इथे कुणी एकच मार्ग दामटत असेल तर दुसरं मत घ्या. मी मशीनवाली, म्हणून माझंही दुसरं मत घ्या.

नस शाबूत असल्यामुळे या आजारात मशीनचा निकाल फार सुंदर येतो. आवाज मोठा केला की शब्द स्पष्ट होतात, नसेच्या बहिरेपणात तसं होतंच असं नाही. धोका शून्य. नको वाटलं तर काढून ठेवता येतं. मात्र रोज सांभाळायचं, घामापासून जपायचं, बॅटरीचा किंवा चार्जिंगचा व्याप, आणि चार-सहा वर्षांनी नवा खर्च.

ऑपरेशन जमलं तर कानात काही न घालता ऐकू येतं, कानातली शिट्टीही अनेकांची कमी होते. त्या बदल्यात लहानसा पण खरा धोका पत्करावा लागतो (प्रश्न १६). गॅप वीस-पंचवीस डेसिबलच्या आत असेल तर ऑपरेशनची घाई करू नये. मी सगळ्यांना सुचवते की आधी महिनाभर मशीन लावून पाहा. ऐकू येण्यानं आयुष्यात काय बदलतं ते कळतं आणि मग निर्णय स्वतःचा होतो, डॉक्टरांचा किंवा नवऱ्याचा नव्हे.

१५. ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात? नवीन आहे का हे?

नाव स्टेपीडॉटॉमी. भूल कान बधिर करून किंवा पूर्ण देतात. कानाच्या नळीतूनच शिरतात, पडदा पुस्तकाच्या पानासारखा उचलतात आणि रिकीब खरोखर जाम आहे का ते सुईनं हलवून बघतात. मग तिची वरची कमान काढतात, तळपट्टीला लेसरनं किंवा बारीक ड्रिलनं मिलिमीटरहून लहान भोक पाडतात आणि त्यात टेफ्लॉनचा किंवा टायटॅनियमचा पिस्टन बसवून त्याचा आकडा ऐरणीला अडकवतात. पिस्टनची जाडी ०.४ ते ०.६ मिलिमीटर. पडदा परत जागेवर. सगळं तासाभराचं काम. आतलं वाढलेलं हाड कुणी खरवडून काढत नाही, त्याला वळसा घालून नवी वाट करून दिली जाते.

नवीन मुळीच नाही. व्हिएन्नाच्या ॲडम पॉलित्झर यांनी १८९३ मध्ये हा हाडाचा आजार असल्याचं दाखवलं. रिकीब काढण्याचे प्रयोग त्याआधीही झाले होते, पण प्रतिजैविकं आणि सूक्ष्मदर्शक नसलेल्या त्या काळात ते घातक ठरून बंद पडले. न्यूयॉर्कचे सॅम्युएल रोझेन १९५२ मध्ये ऑपरेशन करताना रिकीब जाम आहे का ते चाचपत होते. ती सुटली आणि रुग्णाला तिथेच ऐकू येऊ लागलं. पण अशी सुटी केलेली रिकीब अनेकांत पुन्हा जाम व्हायची. १९५६ मध्ये मेम्फिसच्या जॉन शे यांनी ती काढून टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली. आजचं ऑपरेशन त्याच वाटेवरचं आहे.

१६. धोका किती? खरं सांगा.

सरावलेल्या हातांत शंभरातल्या नव्वदजणांची गॅप दहा डेसिबलच्या आत येते. काहींना थोडाच फायदा होतो. शंभरात सुमारे एकाचा तो कान ऑपरेशनमुळे कायमचा जातो, इतका की मशीनचाही उपयोग होत नाही. हा आकडा लहान आहे, पण तो एक जण तुम्ही असू शकता, हे समजूनच सही करा. चेहऱ्याच्या नसेला इजा अगदी विरळ. कानातला आवाज क्वचित वाढतो. पहिले काही दिवस चक्कर येते ती बहुतेकांची जाते.

सर्जनला विचारा: हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? कानाची बाकीची ऑपरेशनं उत्तम करणारा सर्जनही हे क्वचितच करत असेल, तर दुसऱ्याकडे जाणं शहाणपणाचं.

१७. कुणी ऑपरेशन करू नये?

एकाच कानानं ऐकणाऱ्यानं त्या कानाचं करू नये. हा नियम मोडायला कुणी सांगितलं तर उठून या. कान वाहत असेल तर आधी तो सुकायला हवा, पडद्याला भोक असेल तर आधी ते बुजायला हवं. गरोदर बायका थांबतात. मेनिएरचा आजार म्हणजे गरगरण्याचे झटके चालू असतील तर नाही. उंच परांचीवर काम करणारे गवंडी, रंगारी, विजेच्या खांबावर चढणारे, पाणबुडे यांनी तोल बिघडण्याची शक्यता आधी बोलून घ्यावी. त्यांच्यासाठी मशीन जास्त सुरक्षित.

१८. ऑपरेशननंतर काय जपायचं? दुबईहून आलोय, परत विमानानं कधी जाऊ?

पिस्टन जागेवर बसेपर्यंत कानातला दाब अचानक बदलू द्यायचा नाही. नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून येऊ द्या, पाण्याची कळशी किंवा गॅस सिलेंडर उचलू नका, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कानात पाणी नको. नहाताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवा. विमानासाठी बहुतेक सर्जन चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात. तिकीट तुमच्या सर्जनच्या तारखेनंतरचं काढा, रजा संपते म्हणून आधीचं नको.

आणि हे फ्रिजवर लिहून लावा: ऐकू येऊ लागलेलं अचानक गेलं, जोरात गरगरलं, ताप आला, पू आला किंवा चेहरा एका बाजूला ओढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दोन दिवस वाट पाहण्यात कान जातो.

१९. ऐकू येतंय, पण भांडी आपटली तरी डोकं फुटतं, आणि चहा धातूसारखा लागतो.

दोन्ही नेहमीचं आहे. मेंदूला कित्येक वर्षांनी कुकरची शिट्टी पूर्ण आवाजात भेटते आहे, काही आठवड्यांत तो रुळतो. गाणाऱ्यांना सुरुवातीला सूर फाटका वाटतो, तोही बहुधा सावरतो. एक मात्र कायमचं लक्षात ठेवा: ऑपरेशनमध्ये रिकिबीच्या स्नायूचा बंध बहुधा कापावा लागतो, म्हणून मोठ्या आवाजाविरुद्धचं एक नैसर्गिक संरक्षण त्या कानाला उरत नाही. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर उभे राहू नका.

चवीची नस पडद्याच्या मागूनच जाते आणि ऑपरेशनमध्ये ताणली जाते. जिभेची एक बाजू काही आठवडे ते काही महिने बधिर किंवा धातूसारखी लागते. बहुतेकांची चव परत येते.

२०. दुसऱ्या कानाचं लगेच करू का?

आधी कमी ऐकू येणारा कान, मग सहा महिने ते वर्षभर थांबून दुसरा. पहिल्याचा निकाल टिकतो का ते पाहूनच. उरलेल्या कानाला मशीन लावूनही लोक समाधानानं राहतात.

२१. पिस्टन असताना एमआरआय चालतो का?

सध्याच्या टेफ्लॉन, टायटॅनियम, प्लॅटिनमच्या पिस्टनला चालतो. १९८७ मध्ये बनलेल्या स्टीलच्या काही पिस्टनना चुंबक ओढत असल्याचं कळून ती तुकडी परत मागवली होती, त्यामुळे जुनं ऑपरेशन असेल तर एमआरआयच्या लोकांना आधी सांगा. डिस्चार्ज कार्ड आणि पिस्टनचं स्टिकर जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा.

२२. खर्च झेपणार नाही.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात तपासणी आणि ऑपरेशन दोन्हींची चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा, नंतर नाही. मशीनसाठी केंद्राची एडिप योजना आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणीपासून मशीनपर्यंत सोय होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बोलण्याच्या पट्ट्यांत दोन्ही कानांत साठ डेसिबलपासून श्रवणदोष धरला जातो. एकाच कानाच्या बहिरेपणावर प्रमाणपत्र मिळेल असं कुणी सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

२३. आठ वर्षांच्या मुलाची रिकीब जाम आहे म्हणतात. त्यालाही हेच का?

या वयात बहुधा नाही. काही मुलांची रिकीब जन्मतःच जाम असते. ऐकणं हळूहळू घटत नाही, पहिल्यापासून तेवढंच असतं. मुलग्यांमध्ये क्वचित अशी जन्मजात रचना असते की तळपट्टीला भोक पाडताच आतला द्रव उसळून बाहेर येतो आणि कान जातो, म्हणून मुलांत सीटी स्कॅनशिवाय पुढे जात नाहीत. ऑपरेशन थांबू शकतं, शाळा थांबू शकत नाही. मशीन आजच लावा. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असेल आणि हाडं सहज मोडत असतील तर ते आवर्जून सांगा. ठिसूळ हाडांच्या एका आनुवंशिक विकारातही रिकीब जाम होते.

२४. आईला दोन्ही कानांनी काहीच ऐकू येत नाही, कागदावर एकही खूण उरली नाही. आता उशीर झाला ना?

कदाचित नाही. आजार खूप पुढे गेला की यंत्राच्या कमाल आवाजालाही प्रतिसाद येत नाही आणि हाडावाटचंही मोजता येत नाही, कारण कंपकाची ताकद त्याआधीच संपते. म्हणजे रिकाम्या कागदामागेही गॅप दडलेली असू शकते. तरुणपणी मशीनचा चांगला उपयोग होत असे का, उच्चार अजून स्वच्छ आहेत का, नादकाटा वरच्या दातांवर टेकवला तर जाणवतो का, हे पाहतात. अशा काहींना स्टेपीडॉटॉमी आणि जोडीला ताकदवान मशीन एवढ्यावर शब्द कळू लागतात. ते जमलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात तारा बसवून नसेला थेट विजेचे संदेश देणारं यंत्र) आहे, आणि या आजारात त्याचे निकाल चांगले येतात. आजूबाजूचं हाड स्पंजासारखं झालेलं असल्यानं इम्प्लांट चालू केल्यावर कधी चेहऱ्याच्या नसेला झटके बसतात. तेव्हा त्रास देणारे इलेक्ट्रोड बंद करून जुळवणी करतात.

२५. बारा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, छान ऐकू यायचं. आता त्याच कानाचं पुन्हा कमी झालंय.

पुन्हा दोन्ही वाटांचा ऑडिओग्राम काढा (प्रश्न ५) आणि जुना कागद शेजारी ठेवा. हाडावाटची रेषाही खाली सरकली असेल आणि गॅप मिटलेलीच असेल, तर वयानं किंवा आजारानं आतला कान उतरलाय. मशीन लावा, चांगलं चालेल. गॅप परत उघडली असेल तर बहुधा पिस्टन सरकलाय, किंवा त्याच्या आकड्यानं ऐरणीचं टोक झिजलंय, किंवा भोकाशी पुन्हा हाड आलंय. दुसऱ्यांदा ऑपरेशन करता येतं, पण यश पहिल्याइतकं मिळत नाही आणि कान जाण्याची जोखीम जास्त असते. त्यामुळे ते अशा फेरऑपरेशनांचा हात असलेल्या सर्जनकडेच करावं. मधल्या काळात मशीन वापरता येतं, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.